निम्म्याहून जास्त

रात्री पावणेअकरा. मरोळचं ऑफिस,
एसी आठलाच बंद झालेला.
तीन आठवड्यांची माझी ब्रँच मी
ग्लेनच्या कामावर रिबेस केली.
सतरा कमिट. एकेक उचलून
नव्या पायावर रचत गेलं यंत्र,
कुठे अडलं नाही, कुरकुरलं नाही.
शेवटी ओळ आली: यशस्वी.

तिथेच शंका यायला हवी होती.

मी रजेवर होते तेव्हा ग्लेनने
'वर्गणी' फोल्डरचं 'देणी' केलं होतं.
माझी दंडव्याजाची नवी फाइल
मी 'वर्गणी'तच ठेवली होती, स्वतःच्या हाताने.
ती आता 'देणी'त सापडली.
कुणी हलवली? कुणीच नाही.
घरातले सगळे तिकडे गेले
म्हणजे हीसुद्धा जाणार, असं धरलं गेलं.

आणि पावतीतली माझी दुरुस्ती
पावतीत नव्हतीच.
स्मरणपत्रात जाऊन बसली होती,
मांडी घालून, आपलंच घर असल्यागत.

ग्लेन म्हणाला, अगं, नाव बदललं
हे ते कुठे लिहूनच ठेवत नाही.
एक फाइल गेलेली दिसते, एक आलेली दिसते,
मग दोघींची अंगं ताडून बघतं.
निम्म्याहून जास्त जुळलं की म्हणतं, तीच ही.
पावती मी नव्याने लिहिली ना,
आणि जुनीवरून स्मरणपत्र काढलं.
आता स्मरणपत्रच तिच्याहून जास्त तिच्यासारखं.

निम्म्याहून जास्त.
सकाळी विक्रोळीच्या बँकेत
आत्याला घेऊन गेले होते, चौथी खेप.
लग्नाआधी वडिलांनी ठेवलेली ठेव,
पिवळ्या पावतीवर द्वारका नारायण मेस्त्री.
आधारवर वैशाली दत्ताराम घाडी.
मधे एकोणऐंशी सालचं एक ताट,
त्यात पसरलेले तांदूळ,
आणि अंगठीच्या टोकाने उमटलेली तीन अक्षरं.
तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं.
सगळे हसले, ताट हललं.
नोंद एवढीच.
तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवले.

काउंटरवरची मुलगी वाईट नव्हती.
नाव मॅच होत नाही मावशी, म्हणाली, गॅझेट लागेल.
आत्याने बाही वर केली.
मनगटावर हिरवं, पसरलेलं गोंदण: द्वारका.
मुलीने ते मोठ्याने वाचलं,
थोडं थांबली,
मग म्हणाली, हे डॉक्युमेंट नाही ना धरत.

आमचं यंत्र त्या खिडकीत असतं
तर पैसे मिळाले असते.
किंवा रांगेतल्या भलत्याच द्वारकेला मिळाले असते,
तेही यशस्वी म्हणून.

परत कर, ग्लेन म्हणाला, पण लक्षात ठेव,
रिबेसमध्ये 'आपलं' म्हणजे
ज्यांच्यात चाललीस त्यांचं,
आणि 'त्यांचं' म्हणजे तुझं स्वतःचं.
हे मी तीन वर्षांत चार वेळा चुकले आहे.
आत्याला एकदा सांगितलं तरी पुरलं असतं.

मी मागे गेले, सतरा कमिट मागे.
ओळखीचा आकडा नव्वदवर नेला
आणि पुन्हा सोडलं.
या वेळी सहाव्यालाच अडलं.
ही फाइल तिकडे काढून टाकली आहे,
इकडे तू बदलली आहेस. काय करायचं?
मला उगाच बरं वाटलं.
विचारलं तरी.

सव्वाबारा. ग्लेन टोपी घालून गेला,
त्याचं घर इथेच, चर्चच्या मागे.
माझ्या बॅगेत गॅझेटचा फॉर्म आहे,
जुनं नाव भरलेलं, नवं नाव भरलेलं.
नाव बदलण्याचं कारण, या रकान्यात
आत्या रिक्षात म्हणाली होती,
लिही गं काहीही.
तांदूळ, लिही.